अटकेची कारणे कोणाच्या भाषेत?

शिरपूर, चोपडा, यावल, रावेर या सातपुड्याच्या पायथ्याच्या तालुक्यांत पोलीस ठाण्याचे कागद मराठीत लिहिले जातात. ज्यांच्याविरुद्ध ते लिहिले जातात, त्यांतल्या अनेकांच्या घरात मात्र पावरी, बारेली किंवा भिली बोलली जाते. ६ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेला निकाल म्हणूनच मुंबई-पुण्यापेक्षा खान्देशाला अधिक लागू पडतो. तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई आणि न्या. ऑगस्टीन मसीह यांनी बजावले की, गुन्हा कोणताही असो, अटकेची कारणे आरोपीला लेखी आणि त्याला समजणाऱ्या भाषेतच दिली पाहिजेत. ते तत्क्षणी शक्य नसेल तर तोंडी सांगावीत, पण न्यायालयात हजर करण्याच्या किमान दोन तास आधी कागद त्याच्या हाती पडला पाहिजे. हे झाले नाही तर अटक आणि कोठडी, दोन्ही बेकायदा ठरतात.

हा निकाल वरळीच्या हिट अँड रन खटल्यातून आला, म्हणजे नामांकित वकील उभे करू शकणाऱ्या आरोपीमुळे. त्यात वावगे काही नाही. जळगावच्या घरकुल घोटाळ्यातही हेच दिसले. फेब्रुवारी २००६ मध्ये गुन्हा नोंदला गेला, माजी मंत्री सुरेश जैन यांना मार्च २०१२ मध्ये अटक झाली, सर्वोच्च न्यायालयातून जामीन मिळेपर्यंत २०१६ साल उजाडले आणि धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ४८ जणांना दोषी ठरवले ते ३१ ऑगस्ट २०१९ रोजी. जामिनासाठी थेट दिल्लीपर्यंत जाणे हा आरोपीचा हक्कच होता. बड्यांनी वापरला म्हणून हक्क वाईट ठरत नाही. प्रश्न आहे तो ज्यांना तालुक्याचा वकीलही परवडत नाही त्यांचा.

त्यांच्या वाट्याला काय येते? रिमांडचे काम काही मिनिटांत उरकते. न्यायाधीश विचारतात, ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार?’ शेजारी तेच पोलीस उभे असतात. माणूस नकारार्थी मान हलवतो आणि ‘तक्रार नाही’ अशी नोंद होते. त्याला प्रश्न कळला होता का, याची नोंद कुठेच होत नाही. शिरपूर तालुक्यात गांजाच्या शेतीवर वारंवार कारवाया होतात. अशा वेळी कायद्याची कलमे छापलेला फॉर्म हाती देणे म्हणजे कारणे देणे नव्हे. कोणत्या शेतात काय सापडले, त्या शेताशी या माणसाचा संबंध कसा जोडला, हे त्याला सांगावे लागते. मे २०२४ मध्ये पत्रकार प्रबीर पुरकायस्थ यांच्या अटकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हाच फरक स्पष्ट केला होता. सर्वांना सारखी लागू पडणारी ठरावीक वाक्ये चालणार नाहीत. त्याच माणसाची कारणे हवीत, कारण त्यांच्याच आधारे त्याचा वकील कोठडीला विरोध करणार असतो.

या हक्काचे मूळ राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ मध्ये आहे. अटकेचे कारण कळणे, आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला मिळणे आणि चोवीस तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर हजर केले जाणे. १५ सप्टेंबर १९४९ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ही तरतूद घटना समितीत मांडली, तेव्हा हे तर फौजदारी प्रक्रिया संहितेत आहेच, असा आक्षेप घेण्यासारखा होता. बाबासाहेबांचे उत्तर रोखठोक होते. साधा कायदा विधिमंडळ कधीही बदलू शकते, म्हणून हे घटनेत हवे. हेच बाबासाहेब १९३७ मध्ये एका खटल्यासाठी धुळ्याला आले होते. लळिंगच्या लांडोर बंगल्यात त्यांचा मुक्काम होता आणि त्या भेटीच्या स्मरणार्थ दरवर्षी ३१ जुलैला तिथे आजही गर्दी लोटते. त्या गर्दीपर्यंत अनुच्छेद २२ पोहोचवण्याचे काम वकील संघांनी हाती घ्यायला हवे.

तपास भलत्याच दिशेने गेला तर काय होते, हे नाशिकच्या सत्र न्यायालयातून फाशीची शिक्षा झालेल्या भटक्या जमातीच्या सहा जणांनी भोगले. २००३ च्या दरोडा-खून प्रकरणात साक्षीदार महिलेने पोलिसांच्या छायाचित्रांतून भलत्याच चौघांना ओळखले होते. त्या चौघांचा तपासच झाला नाही. मार्च २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले आणि प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाईचा आदेश दिला. तोवर सोळा वर्षे गेली होती. पाच लाखांत त्यातले एक वर्षही परत येत नाही.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतील काही गोष्टी प्रत्येक घरात माहीत असाव्यात. ‘जरा चौकशीला या’ असा नुसता फोन म्हणजे नोटीस नव्हे. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात अटकेची गरज नसेल तर पोलिसांनी कलम ३५ खाली हजर राहण्याची नोटीस द्यायची असते. नोटीस मिळाली की जायलाच हवे. टाळले तर अटकेला निमित्त मिळते. तपासात पोलिसांना दिलेल्या जबाबावर सही करायची नसते, त्यामुळे कोऱ्या कागदावर सही-अंगठा देण्याचा तर प्रश्नच नाही. स्वतःविरुद्ध बोलण्याची सक्ती करता येत नाही. चौकशीदरम्यान वकिलाला भेटता येते. गुन्ह्याच्या स्वरूपाप्रमाणे साठ किंवा नव्वद दिवसांत दोषारोपपत्र आले नाही तर जामीन हा हक्क ठरतो. मात्र दोषारोपपत्र येण्याआधी अर्ज करावा लागतो. वकील नसलेल्या माणसाची ही तारीख हमखास हुकते.

पोलिसांवर कामाचा ताण आहे, हे खरेच. पण आळ आलेल्या माणसाला त्याच्या बोलीत चार वाक्ये समजावून सांगायला फार मनुष्यबळ लागत नाही. जळगाव आणि धुळे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणांनी पावरी, भिली आणि अहिराणी जाणणाऱ्या दुभाष्यांची यादी प्रत्येक ठाण्यात द्यावी, पोलीस अधीक्षकांनी ती ठाणे अंमलदाराच्या टेबलावर दिसेल अशी ठेवावी आणि रिमांडच्या वेळी न्यायदंडाधिकाऱ्यांनी कारणांचा कागद कोणत्या भाषेत समजावला, हे आवर्जून विचारावे. कोठडीतल्या प्रत्येकाला, त्याचे उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. घरातल्या कुणाला अटक झाली तर पहिल्या रिमांडच्या आधी १५१०० या विधी सेवा क्रमांकावर फोन करा आणि अटकेच्या कारणांच्या कागदाची प्रत मागा.