यादीतले विद्यापीठ, यादीबाहेरचे विद्यापीठ

परदेशी प्रवेशाची पत्रे येऊ लागली की आमच्याकडे पालकांचे फोनही येऊ लागतात. मुलाला किंवा मुलीला अमेरिकेतल्या दोन-तीन विद्यापीठांनी बोलावलेले असते. जमिनीचा तुकडा विकायचा की अम्मीचे दागिने मोडायचे, यावर घरात बोलणे चाललेले असते. त्यातच एखाद्या सल्लागाराने कानात एक वाक्य टाकलेले असते, ‘हे विद्यापीठ ए.ए.यू.चे सदस्य आहे, ते दुसरे नाही.’ एवढ्या वाक्यावर काही लाखांची जास्त फी भरायला घर तयार होते. म्हणून हे ए.ए.यू. आहे तरी काय, ते एकदा नीट पाहू या.

ए.ए.यू. म्हणजे असोसिएशन ऑफ अमेरिकन युनिव्हर्सिटीज. १९०० सालच्या फेब्रुवारीत शिकागो विद्यापीठात बैठक होऊन १४ विद्यापीठांनी ही संघटना उभारली. हार्वर्ड, येल, कोलंबिया, प्रिन्स्टन ही नावे त्यात होतीच. शिवाय मॅसॅच्युसेट्समधले क्लार्क नावाचे एक लहानसे विद्यापीठही होते. त्या काळी अमेरिकेच्या डॉक्टरेटला युरोपात फारसा मान नव्हता. खऱ्या संशोधनासाठी अमेरिकन तरुण जर्मनीला जात. जर्मनीची ही ओढ आपल्याकडेही होती. डॉ. झाकिर हुसेन यांची डॉक्टरेट बर्लिनचीच, आणि १९३५ साली मुंबईत सिप्ला काढणारे ख्वाजा अब्दुल हमीद यांचीही. तेव्हा आपली पदवी बाहेर कोणी हलकी समजू नये, यासाठी या चौदा जणांनी एकत्र येऊन आपला दर्जा ठरवला. पुढे कोणत्या कॉलेजचे पदवीधर वरच्या शिक्षणाला लायक आहेत, याची यादीही ही संघटना काढत असे. १९४८ साली तिने ते काम सोडून दिले.

पालकांचा घोटाळा नेमका इथेच होतो. सदस्यत्व वेगळे आणि मान्यता वेगळी. अमेरिकेत विद्यापीठांना मान्यता देणाऱ्या संस्था निराळ्या आहेत आणि पदवी खरी की खोटी हे त्यांच्या मान्यतेवरून कळते. ए.ए.यू. कोणालाही मान्यता देत नाही. अमेरिकेतली शेकडो चांगली विद्यापीठे तिची सदस्य नाहीत, म्हणून त्यांची पदवी तसूभरही कमी भरत नाही.

मग सदस्य कोण होते? इथे अर्ज करून आत जाता येत नाही. संघटना स्वतः बोलावते आणि आधीचे सदस्य मत देतात. २०२३ साली सहा विद्यापीठे घेतल्यावर संख्या ७१ झाली. त्यातली टोरांटो आणि मॅकगिल ही दोन कॅनडातली आहेत. बोलावण्याआधी पाहतात ते मुख्यतः संशोधन. सरकारकडून स्पर्धेत मिळवलेला संशोधनाचा पैसा किती, राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर किती प्राध्यापक आहेत, त्यांना मोठे पुरस्कार किती मिळाले, त्यांच्या लेखांचा आधार इतर संशोधक किती घेतात, हे सगळे मोजतात. पदवीचे शिक्षण पाहतात, पण ते दुसऱ्या रांगेत. फी किती आणि मास्टर्स करून निघालेल्या मुलाला नोकरी लागली का, या आपल्या दोन प्रश्नांना त्या मोजमापात जागा नाही.

आता हे मोजमाप कसे चालते ते नेब्रास्काच्या गोष्टीवरून कळेल. नेब्रास्का विद्यापीठाचा लिंकन शहरातला परिसर १९०९ पासून सदस्य होता. २०११ साली बाकीच्यांनी मतदान करून त्याला बाहेर काढले. त्यात दोन गोष्टी नडल्या. विद्यापीठाचे वैद्यकीय केंद्र ओमाहा शहरात असून त्याचा कारभार वेगळा, म्हणून तिथल्या संशोधनाचा पैसा लिंकनच्या खात्यावर धरला गेला नाही. आणि शेतीच्या संशोधनाला केंद्राकडून कायद्यातल्या सूत्रानुसार जो पैसा येतो, तो स्पर्धेत जिंकलेला नाही म्हणून त्याचे वजन कमी. शंभर वर्षांहून जास्त काळचा सदस्य असा बाहेर पडला. आदल्या दिवशी जो प्राध्यापक मक्यावर शिकवत होता, तोच दुसऱ्या दिवशी त्याच वर्गात शिकवत होता.

२०२२ साली आयोवा स्टेट विद्यापीठ स्वतःहून बाहेर पडले. वैद्यकीय कॉलेज असलेल्यांकडे हे मोजमाप झुकते, असे त्यांचे म्हणणे होते. आम्हाला ते पटते. अमेरिकेतला पहिल्या काही इलेक्ट्रॉनिक संगणकांपैकी एक याच आयोवा स्टेटमध्ये अटानासॉफ या प्राध्यापकांनी आपल्या विद्यार्थ्याला घेऊन बनवला होता. शिवाय आपली राहुरी, अकोला, दापोलीची कृषी विद्यापीठे ज्या अमेरिकन नमुन्यावर उभी राहिली, तो नमुना नेब्रास्का आणि आयोवा स्टेट यांच्यासारख्यांचाच. कोकणातल्या एखाद्या घरातल्या मुलाला शेतीशास्त्र शिकायचे असेल आणि आयोवा स्टेटचे पत्र आले असेल, तर ‘ते आता यादीत नाही’ म्हणून ते बाजूला सारणे म्हणजे शुद्ध वेडेपणा.

आणि ते क्लार्क? संस्थापकांपैकी असूनही १९९९ साली त्याने संघटना सोडली. लहान विद्यापीठ, खर्चाच्या शर्यतीत मोठ्यांबरोबर धावणे त्याला जमण्यासारखे नव्हते. पण द्रवरूप इंधनावर उडालेले पहिले रॉकेट १९२६ साली उडवणारे रॉबर्ट गॉडर्ड याच क्लार्कचे प्राध्यापक. त्याचा भूगोल विभाग आजही नावाजलेला आहे. उलट बाजूने पाहा: सॅन फ्रान्सिस्कोचे कॅलिफोर्निया विद्यापीठ, जिथे कर्करोगाच्या जनुकांवरच्या कामासाठी बिशप आणि व्हार्मस यांना १९८९ चे नोबेल मिळाले, ते या संघटनेत नाही. तिथे फक्त आरोग्यशास्त्रांचे वरचे शिक्षण आहे, पदवीचे वर्गच नाहीत.

यावरून कोणी सदस्यत्व म्हणजे थोतांड समजू नये. पीएच.डी. करायची असेल तर त्याला अर्थ आहे. ज्या विद्यापीठात संशोधनाचा पैसा येतो, तिथे प्रयोगशाळा चालतात, मार्गदर्शक मिळतात, आणि पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला बहुधा फी माफ होऊन सहायक म्हणून महिन्याला पैसेही मिळतात. घरची जमीन विकावी लागत नाही. मास्टर्सचे तसे नाही. तिथे बहुतेक मुले आपल्या खिशातून फी भरतात आणि दीड-दोन वर्षांत बाहेर पडतात. तेव्हा पालकांनी विचारायचा प्रश्न हा की ज्या पैशावरून हे सदस्यत्व ठरते, तो पैसा आपल्या मुलीपर्यंत पोहोचणार आहे का? पोहोचणार नसेल, तर केवळ त्या नावासाठी जादा लाख का मोजायचे?

डॉ. आंबेडकर १९१३ साली कोलंबियाला गेले ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर. कोलंबिया या संघटनेच्या संस्थापकांपैकी. पण पुढे तिथली आठवण सांगताना त्यांनी नावे घेतली ती जॉन ड्युई, एडविन सेलिग्मन अशा आपल्या प्राध्यापकांची.

म्हणून प्रवेशपत्र हातात आले की मुलीला तिच्या विभागाच्या कार्यालयाला ईमेल लिहायला सांगा. सल्लागाराकडून लिहून घेऊ नका, तिलाच लिहू द्या. हा अभ्यासक्रम प्रबंधाचा आहे की नुसत्या तासांचा? मास्टर्सच्या किती जणांना गेल्या वर्षी सहायकाचे काम मिळाले? मागची तुकडी आज कुठे आहे? तिला आवडलेल्या विषयावर काम करणारे प्राध्यापक पुढची दोन वर्षे तिथे शिकवणार आहेत की रजेवर जाणार आहेत? दोन्ही विद्यापीठांना हेच प्रश्न धाडा आणि आलेली उत्तरे शेजारी शेजारी ठेवून घरातल्या सगळ्यांनी वाचा. पैसे भरायची मुदत जवळ आली असेल तर ती वाढवून मागता येते. तेही त्याच पत्रात लिहावे.