रसायनशास्त्र शिकवताना त्याचा इतिहासही शिकवा

बी.एस्सी.च्या वर्गात पाण्याचं सूत्र विचारा, मुलं झोपेतही एच-टू-ओ सांगतील. मग विचारा, ‘कशावरून?’ इथे बरेच जण अडखळतात. दोष मुलांचा नाही. आपण त्यांना निकाल ऐकवतो, खटला कसा चालला ते सांगतच नाही.

तो खटला मोठा रंजक आहे. डाल्टनच्या मते पाण्यात हायड्रोजनचा एक आणि ऑक्सिजनचाही एकच अणू होता. 1808 मध्ये गे-ल्युसॅकने दाखवलं, की हायड्रोजनची दोन घनफळं आणि ऑक्सिजनचं एक मिळून वाफेची दोन घनफळं होतात. अणू तर फुटत नाही, मग एका घनफळातला ऑक्सिजन दोन घनफळांत वाटला गेला कसा? 1811 मध्ये आव्होगाद्रोने सांगितलं, ऑक्सिजनचा रेणूच दोन अणूंचा असतो आणि तो दुभंगतो. पण एकाच जातीचे दोन अणू एकमेकांना धरून राहतील, हे तेव्हाच्या बड्या रसायनज्ञांना पटेना. पुढची पन्नासेक वर्षं अणुभारांचा आणि सूत्रांचा घोळ चालला. 1861 मध्ये केकुलेने आपल्या पुस्तकात एकट्या अ‍ॅसेटिक आम्लाची 19 सूत्रं नोंदवली!

हा घोळ मिटवण्यात एका शिक्षकाचा मोठा वाटा आहे. जिनोआ विद्यापीठातले कानिझारो आपला अभ्यासक्रम इतिहासापासूनच सुरू करत. आव्होगाद्रोची कल्पना कशातून निघाली आणि ती लगेच का स्वीकारली गेली नाही, हे ते पहिल्या दोन व्याख्यानांतच मांडत. त्या अभ्यासक्रमाची 1858 मध्ये छापलेली रूपरेषा 1860 मध्ये कार्ल्सरूहला भरलेल्या रसायनज्ञांच्या परिषदेत वाटली गेली. परिषदेला मेंडेलीव्ह हजर होते. अणुभारांचा गोंधळ निस्तरला, म्हणूनच 1869 मध्ये त्यांना आवर्तसारणी मांडता आली.

प्राध्यापकहो, पोर्शन पुरा करण्याची तुमची ओढाताण खरी आहे. म्हणून वेगळा पेपर मागत नाही. दर प्रकरणाला एक तास द्या. मूळ प्रयोगाचे आकडे फळ्यावर मांडा आणि निष्कर्ष मुलांना काढू द्या. चुकलेल्यांची टिंगल मात्र करू नका. पदार्थ जळताना त्यातून फ्लॉजिस्टन नावाचं द्रव्य बाहेर पडतं, असं प्रिस्टली अखेरपर्यंत मानत राहिले, पण 1774 मध्ये पाऱ्याच्या भस्मातून ऑक्सिजन वेगळा काढणारेही तेच. इतक्या हुशार माणसाला तसं का वाटलं, हा प्रश्न वर्गात चर्चेला घ्या. परीक्षेत सनावळी विचारू नका, पुरावा विचारा.

विद्यार्थ्यांनो, शिक्षक ‘कशावरून?’पाशी थांबले नाहीत तर तुम्ही हात वर करा. ग्रंथालयात प्रफुल्लचंद्र रे यांचे हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासाचे दोन खंड मिळतात का पाहा. 1902 आणि 1909 मध्ये आलेले हे खंड त्यांनी कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकवता शिकवता, प्रयोगशाळेतलं काम सांभाळून लिहिले.

सूत्रं पाठ करून पदवी मिळेल. पण उद्या औषधाच्या कारखान्यात किंवा पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत याच मुलांच्या सहीवर लोक विसंबणार आहेत. सही करण्यापूर्वी ‘कशावरून?’ असं स्वतःला विचारायची सवय त्यांना कॉलेजातच लागली पाहिजे. या सत्रात एका प्रकरणापासून सुरुवात करा.