ख्रिस्ताची व्यक्ती आणि ख्रिस्ताचे कार्य : आधुनिक प्रॉटेस्टंट धर्मचिंतनातील एक वाद

ख्रिस्त कोण, हा एक प्रश्न. आणि ख्रिस्ताने काय केले, हा दुसरा. पारंपरिक ख्रिस्ती ग्रंथरचनेत ह्या दोन प्रश्नांना दोन स्वतंत्र प्रकरणे मिळत आली. पहिल्यात त्याच्या स्वरूपाचा विचार, दुसऱ्यात तारणकार्याचा. गेल्या दोन शतकांतील प्रॉटेस्टंट धर्मचिंतनाचा इतिहास म्हणजे बऱ्याच अंशी ह्या दोन प्रकरणांच्या परस्परसंबंधाचा इतिहास होय. मराठी साहित्याच्या अभ्यासकाला तो परक्या धर्मपीठांतील वाद वाटण्याची शक्यता आहे. वस्तुतः तो वाचनाचाही वाद आहे. एखाद्या चरित्रकथेतील व्यक्ती तिच्या कृतींपासून आणि तिच्या शेवटापासून सोडवून घेता येते काय, हा त्याचा गाभा आहे. अशी सोडवणूक केली की हाती उरणारी व्यक्ती वाचकाच्या स्वतःच्या काळासारखी दिसू लागते, हे ह्या इतिहासातून निघणारे अनुमान साहित्यविचारानेही गांभीर्याने घेतले पाहिजे.

इ. स. 451 मधील कॅल्सेडनच्या धर्मपरिषदेने ख्रिस्ताची व्यक्ती एक आणि स्वभाव दोन, दैवी आणि मानवी, असा निर्णय दिला. हे दोन स्वभाव एकमेकांत मिसळत नाहीत, बदलत नाहीत, विभागले जात नाहीत आणि विलग होत नाहीत, अशा नकारांच्या भाषेत तो मांडलेला आहे. कार्याविषयी मात्र सर्व चर्चला बंधनकारक असे सूत्र कधीच ठरले नाही. अकराव्या शतकाच्या अखेरीस अ‍ॅन्सेल्मने दैवी प्रतिष्ठेच्या भंगाची भरपाई म्हणून क्रूसावरील मरणाचा अर्थ लावला. कॅल्व्हिनने संदेष्टा, याजक आणि राजा ह्या तीन पदांच्या आधारे कार्याची मांडणी केली. लूथरचा सहकारी मेलँक्थॉन ह्याने 1521 मध्येच असे सुचविले होते, की ख्रिस्ताच्या स्वभावांविषयी सूक्ष्म तर्क लढविण्यापेक्षा त्याच्यामुळे मानवाला लाभलेले हित ओळखणे हेच त्याला ओळखणे होय. प्रॉटेस्टंट विचाराचे सामर्थ्य ह्या सूचनेत आहे आणि त्याच्यावरचे संकटही तिच्यातच आहे. व्यक्तीची ओळख कार्यावरून करावयाची, तर कार्य कशाला म्हणावयाचे ह्यावर सारेच अवलंबून राहते.

प्रबोधनयुगाने हे संकट उघड केले. लेसिंगने 1774 ते 1778 ह्या काळात राइमारुसच्या हस्तलिखितातील उतारे प्रसिद्ध केले आणि इतिहासातील येशू व शिष्यांनी उपदेशिलेला ख्रिस्त ह्यांत अंतर असल्याचा संशय जर्मन विद्वत्तेत रुजला. श्लायरमाखरने 1821-22 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रमुख ग्रंथात दोन स्वभावांची जुनी भाषा अपुरी ठरवून ख्रिस्ताच्या अखंड ईश्वरभानावर भर दिला. ह्या भानात इतरांना सामावून घेणे हेच त्याचे तारणकार्य. व्यक्ती आणि कार्य येथे जवळ आली, परंतु क्रूस काहीसा कडेला गेला. 1835 मध्ये श्ट्राउसच्या येशूचरित्राने शुभवर्तमानांतील अद्भुत प्रसंगांना मिथ्यकथा ठरविले. ह्या ग्रंथापायी त्याला ट्यूबिंगेनमधील अध्यापनाचे स्थान गमवावे लागले आणि 1839 मध्ये झ्यूरिक येथे झालेली त्याची नेमणूकही लोकक्षोभामुळे प्रत्यक्षात आली नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रिचल आणि त्यानंतर हार्नाक ह्यांनी उदारमतवादी ख्रिस्तविचाराला प्रौढ रूप दिले. हार्नाकने 1899-1900 च्या हिवाळी सत्रात बर्लिन विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानांतून ईश्वराचे राज्य, ईश्वराचे पितृत्व व मानवी आत्म्याचे अमोल मूल्य, आणि प्रेमाची श्रेष्ठ नीती अशा तीन सूत्रांत येशूच्या शिकवणुकीचे सार मांडले. ह्या मांडणीची हेटाळणी करणे सोपे आहे. परंतु ते न्याय्य नाही. चिकित्सक बुद्धी न सोडता श्रद्धा ठेवता येते, हा विश्वास तिने एका सुशिक्षित पिढीला दिला. प्रश्न तिच्या प्रामाणिकपणाचा नसून तिच्या वाचनपद्धतीचा आहे. कार्य म्हणजे शिकवण असे एकदा ठरले, की शिकविणारा शिकवणुकीच्या मागे पडतो. उत्तम शिकवण शिक्षकावाचूनही ग्राह्य असते. मग ख्रिस्ताच्या मरणाला त्या शिकवणुकीच्या दुःखद समाप्तीपलीकडे अर्थ कोणता उरतो?

ह्या वाचनाला पहिला हादरा ऐतिहासिक संशोधनानेच दिला, ही गोष्ट लक्षणीय आहे. रिचलचाच जावई योहानेस वाइस ह्याने 1892 मध्ये दाखवून दिले, की येशूच्या तोंडचे ईश्वरी राज्य हे मानवी प्रयत्नांनी हळूहळू उभे राहणारे नैतिक राज्य नसून युगान्ताबरोबर येऊ घातलेले राज्य आहे. त्याच वर्षी मार्टिन केलर ह्याने प्रश्न केला, की श्रद्धेचा विषय असलेला ख्रिस्त हा उपदेशिला गेलेला ख्रिस्त असताना संशोधकांनी कथेमागे जाऊन रचलेल्या येशूवर श्रद्धेने का विसंबावे? 1906 मध्ये श्वाइट्झरने येशूचरित्रांच्या साऱ्या परंपरेचा आढावा घेतला. प्रत्येक युगाने आणि प्रत्येक चरित्रकाराने येशूमध्ये स्वतःलाच पाहिले, हे त्यातील निरीक्षण साहित्याच्या कोणत्याही अभ्यासकाला अंतर्मुख करणारे आहे. ऑक्टोबर 1914 मध्ये जर्मनीच्या युद्धाचे समर्थन करणाऱ्या त्र्याण्णव विद्वानांच्या जाहीरनाम्यावर हार्नाकची स्वाक्षरी होती. तरुण कार्ल बार्थला आपल्या गुरुजनांची नावे तेथे दिसली आणि त्यांच्या धर्मचिंतनावरील त्याचा विश्वास ढळला. युगाचा चेहरा धारण केलेला ख्रिस्त युगाला विरोध करू शकत नाही, हा त्याचा अर्थ.

बार्थचे रोमकरांस पत्रावरील भाष्य 1919 मध्ये आले आणि 1922 मध्ये पूर्णतः नव्याने लिहिले गेले. मे 1934 मधील बार्मेनचा घोषणापत्रमसुदा मुख्यतः त्याचाच. ख्रिस्तावाचून अन्य कोणतीही सत्ता वा घटना ईश्वरी प्रकटीकरण म्हणून मान्य करावयाची नाही, ही त्यातील भूमिका हिटलरच्या जर्मनीत केवळ तात्त्विक राहिली नाही. 1953 पासून प्रसिद्ध झालेल्या समेटविषयक खंडांत बार्थने दोन स्वभाव, ख्रिस्ताची अवनत व उन्नत अवस्था आणि तीन पदे ही जुनी विभागणी एकाच आराखड्यात विणली. प्रभू दास होतो, हेच त्याचे दैवी कार्य. ह्या दासात मानव उन्नत होतो, हेच त्याचे मानवी कार्य. येथे व्यक्ती प्रथम आणि कार्य नंतर असा क्रम उरत नाही. जो न्यायाधीश आहे तोच इतरांच्या जागी न्यायास उभा राहतो. तो कोण आहे हे ह्या उभे राहण्यातच कळते. बोनहॉफरनेही 1933 च्या उन्हाळ्यातील बर्लिनच्या व्याख्यानांत ख्रिस्ताविषयी ‘कसा’ हा प्रश्न बाजूस सारून ‘कोण’ हा प्रश्न केंद्रस्थानी आणला होता.

तथापि बार्थचे उत्तर पुरेसे मानता येत नाही. बुल्टमानने 1941 मधील व्याख्यानात नव्या करारातील मिथ्यात्मक विश्वचित्राचा अस्तित्वपर अर्थ लावण्याची मागणी केली. त्यामुळे येशू केवळ एका उपदेशाचे निमित्त उरतो, अशी भीती त्याच्याच शिष्यांना वाटली आणि 1953 मध्ये केझमानने इतिहासातील येशूचा प्रश्न पुन्हा उभा केला. पॅननबर्गने 1964 मध्ये बजावले, की मानवाला तारणाची जी गरज वाटते तिच्यावरून ख्रिस्ताचे स्वरूप ठरविले तर ख्रिस्त मानवी इच्छांची सावली होईल. म्हणून आरंभ येशूच्या इतिहासापासून, विशेषतः पुनरुत्थानापासून, व्हावयास हवा. हा आक्षेप मेलँक्थॉनच्या सूचनेतील धोक्यावर नेमके बोट ठेवतो. व्यक्तीवाचून कार्य हेही तितकेच पोकळ.

मोल्टमानने 1972 मध्ये क्रूस हा ईश्वराच्या अंतर्जीवनातील प्रसंग मानला आणि ईश्वर दुःखातीत आहे ही प्राचीन धारणा नाकारली. ह्यातून पीडितांच्या बाजूने बोलणारा ख्रिस्तविचार समर्थ झाला, हे खरे. परंतु पुत्राला मरणाच्या स्वाधीन करणारा पिता हे चित्र दुःखाचे उदात्तीकरण करीत नाही काय, असा डोरोथी झ्योलेचा प्रतिप्रश्न लगेचच पुढे आला आणि तो आजही निकालात निघालेला नाही. अमेरिकेत जेम्स कोन ह्याने 2011 मधील ग्रंथात क्रूस आणि कृष्णवर्णीयांना जमावाने फासावर लटकविलेले झाड ह्यांना एकत्र पाहिले. कोनही आपल्या काळाच्या प्रकाशात वाचतो. पण त्याच्या वाचनात ख्रिस्ताचा शेवट गाळला जात नाही, किंबहुना तोच वाचकाच्या समाजाला जाब विचारतो. हार्नाकची पद्धत आणि ही पद्धत ह्यांतील भेद येथे आहे. काळाशी संबंध जोडणे हा दोष नव्हे. कथेचा अवघड भाग वगळून तो जोडणे हा दोष होय.

ह्या वादातील साहित्यदृष्ट्या सर्वांत फलदायी सूत्र हान्स फ्राय ह्या येल विद्यापीठातील धर्मचिंतकाने दिले. एरिक आउअरबाखच्या वाङ्मयीन समीक्षेचे संस्कार असलेल्या फ्रायने 1974 मध्ये दाखविले, की अठराव्या शतकापासून बायबलच्या अभ्यासकांनी कथेचा अर्थ कथेबाहेर शोधला; कोणी मागच्या ऐतिहासिक घटनेत, तर कोणी वरच्या तत्त्वात. कथा मात्र न वाचलेली राहिली. 1975 मधील पुस्तकात त्याने मांडले, की येशूची ओळख अटकेपासून पुनरुत्थानापर्यंतच्या घटनाक्रमात, त्याच्या हेतूच्या आणि कृतीच्या मेळात घडते. फ्रायच्या मांडणीने ऐतिहासिक सत्यतेचा प्रश्न सुटत नाही. तो प्रश्न केव्हा विचारावा, एवढे तिने ठरते. आधी कथा संपूर्ण वाचावी, मग तिची चौकशी करावी, हा क्रम उलटला की चिकित्सा सोयीची होते.

मराठीचा ह्याच्याशी संबंध केवळ सादृश्याचा नाही. 1867 मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाच्या परिवारात ख्रिस्ताविषयी आदर होता, पण तो थोर धर्मोपदेशकाविषयीचा; प्रायश्चित्ताचा सिद्धान्त त्यांना मान्य नव्हता. विठ्ठल रामजी शिंदे 1901 ते 1903 ह्या काळात ऑक्सफर्ड येथील मँचेस्टर कॉलेज ह्या युनिटेरियन परंपरेच्या संस्थेत शिकले, हा ह्या उदार प्रवाहाचा प्रत्यक्ष दुवा होय. दुसरीकडे 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताला गुरू आणि माउली म्हणून आळविले. तुकारामांमार्गे ख्रिस्ताकडे आल्याची त्यांची भूमिका सर्वपरिचित आहे आणि मराठी समीक्षेने त्यांच्या अभंगरचनेचा विचार बहुधा ह्याच बाजूने केला. कोणत्या ख्रिस्ताकडे ते आले, हा प्रश्न त्या मानाने दुर्लक्षित राहिला. गुरू ही प्रतिमा शिकवणुकीकडे झुकते, माउली ही प्रतिमा प्राणार्पणाकडे. दोन्ही एकाच कवीत कशा नांदतात, हे तपासण्यास भक्तिसंप्रदायाची परिभाषा एकटी पुरणार नाही. टिळकांच्या हातून अपुरे राहिलेले आणि लक्ष्मीबाईंनी पुरे केलेले ‘ख्रिस्तायन’ हे तर आख्यानकाव्य आहे. तेथे व्यक्ती आणि कार्य ह्यांची सांगड कथेनेच घालावी लागते. फादर स्टीफन्सच्या 1616 मधील ‘ख्रिस्तपुराणा’च्या कॅथलिक धारणेशी त्याची तुलना केवळ भाषा व ओवी ह्यांपुरती न ठेवता ह्या दृष्टीने होणे अगत्याचे आहे.

समीक्षकाने श्रद्धाळू व्हावे, अशी ही अपेक्षा नाही. ज्या कृतीभोवती एखादी काव्यपरंपरा उभी आहे, ती कृती समजून न घेता त्या परंपरेतील नायकाचे मोठेपण मान्य करणे हा सौजन्याचा प्रकार असेल, वाचनाचा नव्हे. जर्मन विद्यापीठांना हा भेद कळण्यासाठी एक महायुद्ध पाहावे लागले. मराठी अभ्यासकाला तो त्यांच्या ग्रंथांतून आणि टिळकांच्या अभंगांतून कळू शकतो.