अर्धवट खेळ, पूर्ण किंमत

डावपेचांचे व्हिडिओ गेम मला आवडतात, कारण त्यांचा हिशेब बुद्धिबळासारखा चोख असतो. चार-सहा शिपायांची तुकडी, आळीपाळीने चाल, आणि हरलो तर दोष आपल्या चालीचा. म्हणून तर हरूनही माणूस पुन्हा खेळायला बसतो. पण आडोशाला बसवलेल्या शिपायाला भिंतीतून गोळी लागली किंवा सेव्ह केलेली मोहीम उघडलीच नाही, तर त्याला पराभव कसे म्हणायचे? गाड्यांच्या शर्यतीत एखादी गाडी हवेत तरंगली तर आपण हसून पुढे जातो. इथे मात्र नियमांवरच सारा खेळ उभा असतो.

हा रोग जुना आहे. १९९४ च्या ‘यूएफओ: एनिमी अननोन’ या गाजलेल्या गेमच्या डॉस आवृत्तीत निवडलेली कठीण पातळी आपोआप सर्वांत सोप्या पातळीवर घसरायची. खेळणारा मात्र स्वतःला मोठा सेनापती समजत राहायचा!

२००३ मध्ये ट्रॉयका गेम्सचा ‘द टेम्पल ऑफ एलिमेंटल ईव्हिल’ आला. त्यातल्या लढाईची रचना आजही वाखाणली जाते, पण तो बाजारात आला तो चुकांनी भरलेला. २००५ मध्ये ट्रॉयका बंद पडली. ‘सर्कल ऑफ एट’ या चाहत्यांच्या गटाने पुढे कित्येक वर्षे त्यातल्या चुका फुकट दुरुस्त केल्या. त्यांचे कौतुक करावे तेवढे थोडेच. पण पैसे एकाने घ्यायचे आणि काम दुसऱ्याने निस्तरायचे, हा कुठला व्यवहार?

आता काही जण म्हणतात, ‘इंटरनेट आहे, पॅच येतोच की!’ येतो, पण कोणासाठी? विश्वास ठेवून पहिल्या दिवशी पूर्ण किंमत मोजणाऱ्याला सर्वांत वाईट माल मिळतो. वर्षभर थांबणाऱ्याला तोच गेम दुरुस्त होऊन, अनेकदा स्वस्तातही मिळतो. म्हणजे दंड विश्वास ठेवणाऱ्यालाच. पैसे परत मागावेत, तर स्टीमवर साधारण नियम असा, की खरेदीला १४ दिवस झालेले नसावेत आणि गेम २ तासांपेक्षा कमी खेळलेला असावा. डावपेचांच्या गेममध्ये दोन तास नियम समजून घेण्यातच जातात. खरे दोष दिसतात ते विसाव्या तासाला.

गेम अपुरा असणे हा गुन्हा नाही. ‘बाल्डर्स गेट ३’ ऑक्टोबर २०२० मध्ये ‘हा अपुरा आहे’ असे उघड सांगूनच विकायला ठेवला गेला आणि पूर्ण रूपात ऑगस्ट २०२३ मध्ये आला. ज्याला थांबायचे होते तो थांबला, ज्याला घ्यायचा होता त्याने समजून उमजून घेतला. मालातला ऐब विकणाऱ्याने आधी सांगायचा, हा बाजाराचा जुना नियम आहे. माल पडद्यावरचा असला म्हणून तो बदलत नाही.

तरुण दोस्तांना माझे एवढेच सांगणे आहे: जाहिरात पाहून आगाऊ पैसे भरू नका. महिनाभर थांबा, खेळलेल्यांना विचारा, मगच खिशात हात घाला. कंपन्यांना आपली तक्रार ऐकू येत नसेल, पण रिकामा गल्ला त्यांना नक्की दिसतो.