पहिल्या फेरीचे ज्योतिषी

मंडळी, एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी "तुम्हाला क्रिकेटमधलं काय कळतं?" असं विचारायला नको. मला क्रिकेट मनापासून आवडतं. रिकार्टनला घर घेताना हॅगले ओव्हल इथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, हा मुद्दा मी बायकोला सांगितला नव्हता, पण मनात होता. तेव्हा हा लेख खेळाविरुद्ध नाही. तो आहे खेळाच्या पंचांगाविरुद्ध.

आयपीएलचा लिलाव दोन आठवड्यांवर आला की आमच्या इथल्या मराठी ग्रुपवर हे पंचांग उघडतं. एरवी "कोथिंबीर कुठे स्वस्त आहे?" एवढंच विचारणारी माणसं एकदम "पहिल्या फेरीत अमुक जाणार, तमुक बारा कोटींच्या खाली मिळणारच नाही" असं बोलायला लागतात. टीव्हीवर माजी खेळाडू खोटाखोटा लिलाव मांडून बसतात. पुण्यातला मेहुणा एक्सेलची शीट पाठवतो. लिलाव होतो, निम्म्याहून जास्त भाकितं पाण्यात जातात आणि दुसऱ्या दिवशी कुणालाच काही आठवत नाही. पुढच्या वर्षी तीच माणसं, तोच आत्मविश्वास.

हा रोग आपला एकट्याचा नाही. उत्तर अमेरिकेत आइस हॉकीचा ड्राफ्ट होतो. लिलाव नाही, पैशाची बोली नाही. संघ पाळीपाळीने साधारण अठरा वर्षांची पोरं निवडतात. तळाच्या संघांना आधी निवडायची संधी मिळावी अशी रचना असते. कुणाचा नंबर पहिल्या फेरीत लागणार याच्या याद्या वर्षभर छापल्या जातात. बॉब मॅकेंझी नावाचे कॅनडातले पत्रकार यात नावाजलेले. त्यांची यादी बरीचशी बरोबर का यायची? कारण ते थेट संघांच्या निवडकर्त्यांनाच विचारून यादी बनवत. म्हणजे कोण खरेदी करणार हे खरेदी करणाऱ्यालाच विचारायचं! यात अप्रामाणिक काही नाही. पण हे खेळाडूचं भविष्य नव्हे, गिऱ्हाइकाच्या मनाचा अंदाज आहे. माझं पहिलं भांडण इथेच आहे. "कोण किती लवकर किंवा किती महाग विकला जाईल" आणि "कोण चांगला खेळेल" या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपले ज्योतिषी पहिलीचं उत्तर दुसरीच्या नावावर खपवतात.

गिऱ्हाईक स्वतः किती हुशार असतं तेही बघा. १९९३ साली ओटावा संघाने अलेक्झांडर डेगला पहिल्या क्रमांकावर निवडलं आणि पाच वर्षांसाठी सव्वाबारा दशलक्ष डॉलर्स मोजले. त्याच्यानंतर, दुसऱ्या क्रमांकावर निवडला गेलेला क्रिस प्राँगर आज हॉल ऑफ फेममध्ये आहे. डेग ओटावाच्या आशा पूर्ण करू शकला नाही. उलट, डेट्रॉइटने १९९८ मध्ये पावेल डॅटस्यूकला १७१ व्या क्रमांकावर घेतलं आणि १९९९ मध्ये हेनरिक झेटरबर्गला २१० व्या. दोघांनी पुढे डेट्रॉइटचा संघ खांद्यावर वाहिला. पगारी माणसं गावोगावच्या रिंकवर थंडीत कुडकुडत पोरं बघत होती, आणि तरीही दीडदोनशे नावं होईपर्यंत या दोघांकडे कुणी बघितलं नाही. मग सोफ्यावर बसून चिवडा खाणाऱ्या आपल्याला ते कसं दिसणार?

आता आपल्याकडे या. आयपीएलमध्येही एकदा खराखुरा ड्राफ्ट झाला होता, हे बऱ्याच जणांना आठवत नाही. २००८ साली, पहिल्या हंगामाआधी, १९ वर्षांखालील विश्वचषक जिंकून आलेल्या मुलांसाठी. दिल्लीच्या संघाला दिल्लीच्याच विराट कोहलीला घेता आलं असतं. त्यांनी घेतलं प्रदीप सांगवानला, कारण फलंदाज त्यांच्याकडे भरपूर होते. कोहली बंगलोरला गेला. पुढचं सांगायची गरज नाही. आणि गंमत म्हणजे दिल्लीचा विचार अगदीच चुकीचा नव्हता. फलंदाज जास्त आहेत, डावखुरा वेगवान गोलंदाज हवाय, तर तो घ्या. तर्क शुद्ध होता, निकाल वेगळा लागला. पोरगं अठरा-एकोणीस वर्षांचं असताना शुद्ध तर्कसुद्धा एवढाच उपयोगी पडतो.

आमच्या हॅगले ओव्हलनेच दोन धडे दिलेत.

पहिला २०२१ चा. १८ फेब्रुवारीला चेन्नईत लिलाव झाला. एकेकाळी आमच्या कँटरबरीकडून खेळलेला काइल जेमीसन बंगलोरने १५ कोटींना घेतला. डेव्हन कॉनवेला कुणी विचारलं नाही. चारच दिवसांनी, २२ फेब्रुवारीला, हॅगले ओव्हलवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध कॉनवेने नाबाद ९९ केल्या. अश्विनने ट्विटरवर टोला हाणला की कॉनवेला चार दिवस उशीर झाला. सगळे हसले. पण जरा थांबा आणि त्या विनोदाचा अर्थ बघा. चार दिवसांत कॉनवे बदलला नव्हता. तीच बॅट, तेच हात, तोच अनुभव. बदलली असती ती फक्त त्याची किंमत. पुढच्या वर्षी चेन्नईने त्याला अवघ्या एक कोटीला घेतलं आणि २०२३ मध्ये त्याने ६७२ धावा करून, अंतिम सामन्याचा सामनावीर होऊन, ते विजेतेपद मिळवून द्यायला मदत केली. जेमीसनने २०२१ च्या हंगामात ९ सामन्यांत ९ बळी घेतले. यात जेमीसनचा काय दोष? त्याने काही कुणाला १५ कोटी द्या म्हणून सांगितलं नव्हतं.

दुसरा धडा २०१८ चा, आणि तो जास्त बोचरा आहे. त्या वर्षी १९ वर्षांखालील विश्वचषक न्यूझीलंडमध्ये होता. २७ आणि २८ जानेवारीला बंगलोरमध्ये लिलाव झाला आणि ३० जानेवारीला हॅगले ओव्हलवर भारत-पाकिस्तान उपांत्य सामना. मधे फक्त एक दिवस! ही पोरं घरापासून हजारो मैलांवर, आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या सामन्याच्या तोंडावर, आपला भाव काय आला ते ऐकत होती. मी त्या सामन्याला होतो. माझ्या मागच्या रांगेतले दोघे काका कुणाला नावाने हाक मारतच नव्हते. नागरकोटी गोलंदाजीला आला की "आले, तीन कोटी वीस लाख आले!" भारत २०३ धावांनी जिंकला, शुभमन गिलने नाबाद १०२ केल्या, आणि काका म्हणाले, "हा स्वस्तात गेला राव!"

त्या पोरांचे भाव आज मुद्दाम मांडतो. कमलेश नागरकोटी ३ कोटी २० लाख. शिवम मावी ३ कोटी. शुभमन गिल १ कोटी ८० लाख. हे तिघेही कोलकात्याकडे. पृथ्वी शॉ १ कोटी २० लाख आणि अभिषेक शर्मा ५५ लाख, दोघेही दिल्लीकडे. अर्शदीप सिंगला त्याच वर्षाच्या डिसेंबरात पंजाबने २० लाखांना घेतलं. आता पुढे काय झालं? नागरकोटी दुखापतींमुळे दोन हंगाम एकही सामना खेळू शकला नाही, २०२० मध्ये मैदानात उतरला. गिल २०२५ मध्ये भारताचा कसोटी कर्णधार झाला. अभिषेकने २०२५ च्या फेब्रुवारीत वानखेडेवर इंग्लंडविरुद्ध १३५ ठोकल्या. २०२४ चा टी-२० विश्वचषक भारताने जिंकला तेव्हा अर्शदीपने १७ बळी घेतले होते. आणि आपला पृथ्वी, हॅरिस शील्डमध्ये ५४६ करणारा, त्या विजेत्या संघाचा कर्णधार, ज्याने कसोटी पदार्पणात शतक केलं, त्याला २०२४ च्या नोव्हेंबरात जेद्दाच्या लिलावात कुणी घेतलं नाही. पुढच्या वर्षी दिल्लीने ७५ लाखांना परत घेतला.

म्हणजे भावांची यादी जवळजवळ उलटी करून वाचली असती तर जास्त बरोबर आली असती. पण "उलटी वाचा" हाही नियम नाही, हे लक्षात घ्या. नियम नाहीच, हा माझा मुद्दा आहे. खांदा कधी दुखावेल, घोटा कधी मुरगळेल, अठराव्या वर्षी मिळालेली प्रसिद्धी कुणाला झेपेल, हे कुठल्याही शीटमध्ये बसत नाही.

आता थोडी इंजिनिअरगिरी, त्याशिवाय मला राहवत नाही. लिलावात भाव ठरवतो तो जिंकणारा नव्हे, दोन नंबरचा. शेवटपर्यंत पॅडल वर धरणारा दुसरा मालक नसेल तर तोच खेळाडू निम्म्या भावात जातो. त्या दुसऱ्याच्या थैलीत किती शिल्लक आहे, नाव सकाळी पुकारलं की संध्याकाळी, त्याआधी कुठला यष्टिरक्षक हातचा निसटला, यावर सगळं अवलंबून. शिवाय सगळ्यांचे अंदाज थोडे वर, थोडे खाली असतात आणि माल मिळतो तो सगळ्यात जास्त हुरळलेल्याला. समुद्रातल्या तेलाच्या पट्ट्यांच्या लिलावावरून अर्थशास्त्रात याला 'विजेत्याचा शाप' असं नावच पडलं. अमेरिकन फुटबॉलच्या ड्राफ्टवर मॅसी आणि थेलर या दोघांनी काम केलं. त्यांचं म्हणणं असं, की आधी निवडलेला खेळाडू त्याच जागेच्या, लगेच नंतर निवडलेल्यापेक्षा सरस निघण्याची शक्यता नाणेफेकीपेक्षा जराशीच बरी.

आणखी एक. हॉकीच्या ड्राफ्टचा १९८० ते २००७ चा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. निवडलेल्या कॅनडाच्या मुलांत जानेवारी ते मार्चमध्ये जन्मलेले सुमारे ३६ टक्के, ऑक्टोबर ते डिसेंबरमधले साडेचौदा टक्के. कारण साधं आहे. वयोगटाची रेषा १ जानेवारीला आखली की जानेवारीचं पोर डिसेंबरच्या पोरापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठं, दांडगं. प्रशिक्षकाला वाटतं हीच प्रतिभा. मग त्यालाच बर्फावर जास्त वेळ, त्यालाच चांगला संघ. आणि गंमत अशी की उशिरा जन्मलेली जी थोडी मुलं निवडली गेली, ती आपल्या क्रमांकाच्या मानाने जास्त यशस्वी ठरली. "मुलाचे पाय पाळण्यात दिसतात" म्हणतात ना? पाळण्यात दिसते ती जन्मतारीख!

"अहो, पण गंमत म्हणून करतो हो आम्ही. आणि वैभव सूर्यवंशीचं काय?" हा आक्षेप येणार, ठाऊक आहे. तेराव्या वर्षी राजस्थानने १ कोटी १० लाखांना घेतला आणि चौदाव्या वर्षी ३५ चेंडूंत शतक केलं. केलं ना, आनंद आहे. पण त्याच जेद्दाच्या लिलावात आपल्या विरारच्या आयुष म्हात्रेला कुणी घेतलं नव्हतं. ऋतुराज गायकवाड जखमी झाला म्हणून चेन्नईने त्याला मागाहून बोलावलं आणि त्याने बंगलोरविरुद्ध ४८ चेंडूंत ९४ केल्या. ऋतुराजचं कोपर धड असतं तर? एक उदाहरण दाखवून भविष्य सिद्ध होत नाही. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली की कावळ्याला वनखात्यात नोकरी देत नाहीत.

या गावाला तर हे कळायला हवं. २२ फेब्रुवारी २०११ च्या भूकंपानंतर इथे एका चंद्र बघून भाकीत करणाऱ्याने २० मार्चच्या सुमाराला मोठा धक्का येणार असं सांगितलं. लोक गाव सोडून गेले. मोठा काही आला नाही, रात्री ५.१ चा एक आला, तसे त्या दिवसांत येतच होते. लगेच "बघा, आलाच की!" म्हणणारे निघाले. त्याच काळात सरकारी भूगर्भशास्त्रज्ञ काय करत होते? पुढच्या अमुक काळात एवढ्या तीव्रतेचा धक्का येण्याची शक्यता इतके टक्के, असे तक्ते देत होते आणि ते वेळोवेळी सुधारत होते. कंटाळवाणं वाटतं, पण त्या तक्त्याचा हिशोब तपासता येतो. भाकीत आणि अंदाज यांत फरक आहे तो एवढाच.

गंमत म्हणता, तर गंमतीची किंमत कोण मोजतं तेही बघा. २०१६ च्या जानेवारीत कल्याणच्या प्रणव धनावडेने शाळेच्या सामन्यात नाबाद १००९ केल्या. पंधरा वर्षांचं पोर. दोन दिवसांत देशाने त्याचं पुढचं सगळं आयुष्य लिहून टाकलं. शिष्यवृत्ती मिळाली, ती पुढच्या वर्षी वडिलांनी स्वतःहून थांबवायला सांगितली. त्याने काय गुन्हा केला होता? एक सुंदर खेळी केली. ती खेळी म्हणून पुरेशी होती. ती अपुरी ठरवली आपण, कारण आपल्याला खेळी नको होती, हप्ता हवा होता.

आपल्या पिढीला हे नवीन नाही. बोर्डाच्या गुणवत्ता यादीत आलेल्या मुलांचे पेढे भरवतानाचे फोटो आठवा. पंधराव्या-सोळाव्या वर्षी लागलेला नंबर कित्येकांनी आयुष्यभर पाठीवर वाहिला, आणि यादीत न आलेल्यांनी तर जास्तच. ती यादी बोर्डाने बंद केली, पण आपण ती मनात चालू ठेवली, आणि आता तिला कोटींचे आकडे लावलेत. इथे शनिवारी सकाळी पोरांच्या सामन्याला आलेले बाप दहा वर्षांच्या मुलाबद्दल "याच्यात मटेरियल आहे" असं बोलतात, तेव्हा मला अंगावर काटा येतो. मटेरियल सिमेंटमध्ये असतं हो. पोरगं खेळायला आलंय.

तेव्हा ज्योतिषीबुवांना तीन विनंत्या. एक, या वर्षीचं भाकीत टाकताना गेल्या वर्षीचं वर डकवा, चुकांसकट. दोन, "जाणारच" म्हणू नका, किती टक्के ते सांगा. आणि तीन, एकोणीस वर्षांखालच्या पोरांना या खेळातून वगळा. त्यांचा भाव काढायचा धंदा मालकांचा आहे, त्यांना निदान स्वतःचे पैसे तरी घालवावे लागतात. आपण फुकटात बोलतो, आणि ते पोर ऐकत असतं.

असो. ग्रुपवर ही लिंक टाकणार आहे. मला काढून टाकतील, याची शक्यता साधारण चाळीस टक्के. :-)