ट्रेलरमधला गेम कुठंय?

दिवाळीत मोहोळला गेलो होतो. मामाचा पोरगा नववीत आहे. त्यानं मला एका गेमचा ट्रेलर दाखवला. जळणारं शहर, पाऊस, हिरोच्या गालावरून ओघळणारं पाणी. गेम उतरवायला त्यानं दिवसाचा दीड जीबी संपवला, मग माझा हॉटस्पॉट घेतला. जागा होईना म्हणून शाळेच्या सहलीचे फोटो ट्रॅशसकट उडवले. गेम सुरू केला तर वरून दिसणारी मुंगीएवढी माणसं, आणि पंधराव्या मिनिटाला पैसे भरायची पाटी.

"दादा, ट्रेलरमधला गेम कुठंय?"

तो नव्हताच. असा ट्रेलर म्हणजे वेगळी बनवलेली ॲनिमेशन फिल्म. तिची एकेक फ्रेम बनवायला ताकदवान कॉम्प्युटरला कित्येक मिनिटं, कधी तासही लागतात. गेममध्ये सेकंदाला 30 फ्रेम दाखवायच्या तर फोनला एका फ्रेमसाठी मिळतात 33 मिलिसेकंद. हे कंपनीला पक्कं माहीत असतं, नववीतल्या पोराला नसतं.

'फॅन' (2016) आठवतोय? प्रोमोतलं 'जबरा फॅन' गाणं सिनेमात नव्हतं म्हणून औरंगाबादच्या एका शिक्षिका ग्राहक मंचात गेल्या. राज्य आयोगानं 10 हजार रुपये भरपाई दिली. एप्रिल 2024 मध्ये सुप्रीम कोर्टानं ती रद्द केली: प्रोमो म्हणजे वचन नव्हे. ठीक. पण सिनेमाचा ट्रेलर बहुतेक वेळा सिनेमातूनच कापलेला असतो. गेमच्या सिनेमॅटिक ट्रेलरमध्ये कधीकधी गेमचा एक सेकंदही नसतो. गेम कंपन्यांनी त्या निकालामागं लपू नये.

'खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की,' असं कुणी म्हणेल. 'होमस्केप्स'च्या जाहिरातींत पिना ओढायचं कोडं दिसायचं, गेम मुख्यतः रंग जुळवायचा. तिथंही अशीच ओळ होती. 2020 मध्ये ब्रिटनच्या जाहिरात नियामकानं ती पुरेशी मानली नाही, जाहिराती थांबवायला लावल्या. आपल्याकडच्या 2022 च्या सूचनाही सांगतात की दिशाभूल करणारा दावा तळटीप टाकून दुरुस्त होत नाही, आणि तळटीप दाव्याच्याच भाषेत हवी. नियम आहेत, ते गेमच्या जाहिरातींनाही लावा.

'गेम फुकट आहे, नुकसान काय?' डेटा फुकट नाही, फोनमधली जागा फुकट नाही. आणि फुकट गेमचा गल्ला आत शिरल्यावरच उघडतो. ट्रेलरचं काम आत आणून सोडण्याचं.

ट्रेलर देखणा करा, आमची ना नाही. पण सुरुवातीचे दहा सेकंद साध्या फोनवरचा खरा खेळ दाखवा. मराठीत जाहिरात करता तर इशाराही मराठीत आणि वाचता येईल एवढा मोठा द्या. तोवर तुम्ही डाउनलोड दाबण्याआधी आपल्याच मॉडेलच्या फोनवर कुणी खेळलेला व्हिडिओ शोधून बघा.

त्या पोरानं गेम त्याच रात्री उडवला. सहलीचे फोटो गेले ते गेलेच.