पुष्पकाच्या गप्पा आणि बेलोऱ्याची धावपट्टी

१६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईहून आलेले प्रवासी विमान अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर उतरले आणि वऱ्हाडाची अनेक वर्षांची प्रतीक्षा संपली. अकोल्याचे नशीब तेवढे नाही. तिथले शिवणीचे विमानतळ १९४३ सालचे, म्हणजे इंग्रजांच्या काळातले. पण त्याच्या धावपट्टीचा विस्तार कृषी विद्यापीठाच्या जमिनीभोवती वर्षानुवर्षे घुटमळत राहिला. असो. आमचा आजचा मुद्दा विमानाच्या इतिहासाचा आहे.

विमानाचा विषय निघाला की आपल्याकडे कुणीतरी पुष्पक विमान बाहेर काढतोच. सोबत शिवकर बापूजी तळपदे यांचे नाव येते. तळपदे मुंबईचे. त्यांनी १८९५ मध्ये चौपाटीवर 'मरुत्सखा' नावाचे मानवरहित विमान उडवले, असा दावा केला जातो. या दाव्याला त्या काळचा भक्कम पुरावा मिळालेला नाही. तळपद्यांनी धडपड केली असेल तर तिचा आम्हाला आदरच आहे. आमचे भांडण त्यांच्याशी नाही, त्यांच्या खांद्यावर 'वैमानिक शास्त्र' ठेवून वैदिक काळाचा जयजयकार करणाऱ्यांशी आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी १९७४ मध्ये हा ग्रंथ तपासला. तो १९०४ च्या आधीचा नाही आणि त्यातली विमाने उडूच शकत नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. मग १८९५ चे विमान या ग्रंथातून निघाले कसे? तरीही जानेवारी २०१५ मध्ये मुंबईच्या विज्ञान काँग्रेसमध्ये वैदिक विमानांवर निबंध वाचला गेला. ग्रंथात लिहिले आहे म्हणून मानू नका, असे सांगणाऱ्या तथागताच्या देशात हे घडले!

खरा इतिहास याच्या अगदी उलट आहे. अमेरिकेतील डेटन शहरात राइट बंधूंचे सायकलचे दुकान होते. दोघांपैकी कुणीही कॉलेजात गेला नव्हता. जुन्या जाणकारांच्या तक्त्यांवर विसंबून बांधलेले त्यांचे ग्लायडर १९०१ मध्ये अपेक्षेइतके वर उचलेना, तेव्हा त्यांनी तक्त्यांवरच शंका घेतली. घरच्या घरी वाऱ्याचा बोगदा बनवला आणि पंखांचे शे-दोनशे नमुने त्यात तपासले. इंजिन दुकानातल्याच चार्ली टेलर या कारागिराने बनवले. १७ डिसेंबर १९०३ रोजी किटी हॉक येथे त्यांचे यंत्र १२ सेकंदांत १२० फूट उडाले. हात काळे करणाऱ्यांनी हे केले. आपल्याकडे असे हात ज्यांचे होते त्यांना विद्येचा दरवाजा बंद होता, आणि ज्यांच्याकडे विद्या होती ते हाताला काळे लागू देत नव्हते. विमान इथे का जन्मले नाही, याचे उत्तर आम्हाला इथे सापडते.

आता एक नाव आमच्या वाचकांनी मुद्दाम लक्षात ठेवावे: बेसी कोलमन. १८९२ मध्ये टेक्सासमधल्या गरीब काळ्या कुटुंबात ती जन्मली. लहानपणी कापूस वेचला. पऱ्हाटीत वाकून कंबर मोडणे म्हणजे काय, हे वऱ्हाडातल्या आयाबहिणींना सांगायला नको. पुढे शिकागोत केशकर्तनालयात बायाबाप्यांची नखे साफ करता करता तिने वैमानिक व्हायचे ठरवले. अमेरिकेतली एकही शाळा तिला घेईना. एक तर काळी, त्यात बाई. तेव्हा 'शिकागो डिफेंडर' या काळ्या समाजाच्या वृत्तपत्राचे संस्थापक रॉबर्ट अ‍ॅबट यांनी तिला फ्रान्सला जाण्याचा सल्ला दिला, मदतही केली. ती फ्रेंच शिकली आणि १९२० च्या नोव्हेंबरात बोटीत बसली. त्याच वर्षी जानेवारीत बाबासाहेबांनी 'मूकनायक' सुरू केला होता. समाजाचे वृत्तपत्र काय करू शकते, हे दोन्हीकडे दिसते. १५ जून १९२१ रोजी तिला वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात पहिला परवाना जे. आर. डी. टाटांना मिळाला तो १९२९ मध्ये. ते उद्योगपतीच्या घरातले. काळ्यांना वेगळ्या फाटकातून आत सोडणार असाल तर मी उडणार नाही, असे बेसी आयोजकांना ठणकावत असे. काळ्या मुलामुलींसाठी उड्डाणशाळा काढण्याचे तिचे स्वप्न होते. पण ३० एप्रिल १९२६ रोजी अपघातात ती गेली.

तशी शाळा आता बेलोऱ्याच्या वाट्याला आली आहे. वर्षाला १८० वैमानिक घडवणारी संस्था इथे उभारण्याची घोषणा एअर इंडियाने २०२४ मध्ये केली, ३४ विमानांसह. जमीन वऱ्हाडाची, आभाळ वऱ्हाडाचे. त्या १८० मध्ये बडनेरा, दर्यापूर, मूर्तिजापूरच्या वस्त्यांमधली किती मुले-मुली असतील? वैमानिक व्हायला किमान २०० तासांचे उड्डाण लागते आणि त्याचा खर्च अनेक लाखांच्या घरात जातो. बाबासाहेबांना १९१३ मध्ये कोलंबियाला पाठवणारी सयाजीरावांची शिष्यवृत्ती होती. आज सरकारने बेलोऱ्यातल्या अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांची पूर्ण फी भरावी आणि ती प्रवेशाच्या दिवशीच संस्थेला द्यावी, अशी आमची मागणी आहे. तोवर अमरावती-अकोल्याच्या वसतिगृहांतल्या कार्यकर्त्यांनी एक काम हाती घ्यावे. वैमानिकाच्या अभ्यासक्रमाला बारावीचे गणित आणि भौतिकशास्त्र लागत आले आहे. आपल्या किती मुलींनी अकरावीला हे दोन विषय घेतले, आणि ज्यांनी सोडले त्यांनी का सोडले, याची यादी येत्या जूनच्या आत तयार व्हायला हवी.